ढाळ

"दीदी, ढाल ही गलत है," हरगोविंद मिस्त्री म्हणाला
आणि मी उगाच भिंतीकडे पाहिलं.
ग्वाल्हेरात, त्यातही लष्करात, बेचाळीस वर्षं काढली
तरी काही शब्द अजून माहेरच्या कानानं ऐकते.
ढाल नाही, ढाळ. उतार.

त्यानं खिशातली गोटी काढून फरशीवर ठेवली.
जाळीकडे जायचं सोडून ती
सावकाश, विचार करत असल्यासारखी,
दारामागच्या कोपऱ्यात जाऊन थांबली.
माझ्या आंघोळीचं पाणीही इतके दिवस तिथेच थांबत असणार.
तिथून खाली, भदौरियांकडे.

त्यांच्या छताला आधी डाग पडला बशीएवढा,
मग परातीएवढा. मग त्याला पिवळे काठ आले,
पापुद्रे सुटले, आणि त्यांची सून मला
ऊपरवाली म्हणू लागली.
"लो, ऊपरवाली नहा ली," जिन्यात ऐकू यायचं.
मी म्हणायचे, पाइप तुमचाच गळतोय.
लेखी म्हटलं होतं. दोनदा. सहीसकट.

मंगळवारी फोडलं.
फरशीखाली ओली वाळू, वाळूखाली काळं लोणी,
बिडाच्या पाइपाच्या सांध्यात कुजलेली सुतळी,
आणि ट्रॅपच्या तळाशी, केसांच्या गुंत्यात,
सोन्याची फिरकी.
हरगोविंदनं ती बनियनला पुसून माझ्या तळहातावर ठेवली.
"लॉटरी लग गई!"
मी नळाखाली धरली. बराच वेळ.
या फिरकीसाठी मी रामश्रीला
दारात पदर झटकायला लावला होता.

नवा ट्रॅप आणायला मीच गेले, लोहिया बाजारात.
दुकानदार पोऱ्याला ओरडला, "नहानी दिखा, चार इंची!"
न्हाणी. आमचा शब्द,
बंब, घंगाळ, ओल्या लाकडांचा धूर मागे टाकून
इथे पीव्हीसीचा होऊन फळीवर बसलेला.
कुणाचा, कुठला, कोणी विचारत नाही. मीही नाही सांगितलं.

मग रसायनाचे दोन हात, एक आडवा, एक उभा.
कोपऱ्यांना जाळीची पट्टी, वीतभर भिंतीवर चढवलेली.
शॉवरखाली उथळ ताटासारखा चौकोन,
फुटाला पाव इंच उतार, चारी बाजूंनी.
भोकात कापडाचा बोळा कोंबून त्यानं चार बोटं पाणी भरलं,
पाण्याच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारली.
"चौबीस घंटे. अब आप नीचे जाके छत देखो."

मी? खाली?

रात्री अकराला टॉर्च घेऊन गेले.
सुनेनं दार उघडलं, बोलली काही नाही,
बादली उलटी करून बसायला दिली, दुसरी स्वतः घेतली.
दोघी मान वर करून बसलो
ग्रहण बघत असल्यासारख्या.
डाग होता. थेंब नव्हता.
टॉर्च विझवला तरी आम्ही वरच बघत होतो.
"नाम क्या है आपका?" तिनं विचारलं.
सहा वर्षांनी.

दुसऱ्या संध्याकाळी पाणी रेघेवरच होतं.
हरगोविंदनं बोळा ओढला
तसं ते एकदा गोल फिरलं, घशात आवाज करून गेलं.
थोडं ट्रॅपमध्ये राहतं, तो म्हणाला, राहायलाच हवं,
तेवढ्यावरच नाल्याचा वास अडतो.
महिन्यातून एकदा जाळी उचला, केस काढा, गरम पाणी ओता.
ॲसिड नको.
ॲसिडनं नुसतं आपल्याला बरं वाटतं.

गोटी आता कुठूनही सोडा, जाळीवर येते.
ती तो विसरून गेलाय, की ठेवून, माहीत नाही.
फिरकी आरशापुढच्या वाटीत आहे.
रामश्री गोल पहाडियाकडे कुठेशी राहते, एवढंच ठाऊक.
काल रिक्षावाल्याला विचारलं.
पुढे चढ आहे म्हणाला,
गाडी जात नाही, पायी जावं लागेल.